भंडाऱ्याचा डोंगर आणि देहूचें कीर्तन

वारकरी संप्रदाय हा नामघोषाचा संप्रदाय आहे. टाळ, मृदंग, वीणा आणि शेंकडों कंठांतून एकदम उठणारा विठ्ठलनामाचा गजर यांवांचून त्याची कल्पनाच करतां येत नाहीं. अशा संप्रदायांतील एका अग्रगण्य संतानें निर्जन डोंगराची ओढ धरावी, हें वरवर पाहणारास विसंगत वाटेल. तुकोबांच्या चरित्रांतील हा भाग म्हणूनच विचार करण्याजोगा आहे.

इ. स. १६३०-३१ च्या सुमारास दक्षिणेंत व गुजराथेंत भयंकर दुष्काळ पडला. तुकोबांचें घराणें देहूच्या महाजनकीचें व व्यापार करणारें. या दुष्काळांत त्यांची प्रथम पत्नी अन्नावांचून मरण पावली, व्यापार बुडाला आणि पत गेली. आईबाप पूर्वींच निवर्तले होते. वडील बंधु सावजी हे पत्नीच्या मृत्यूनंतर घर सोडून तीर्थयात्रेस निघून गेले होते. तोच मार्ग तुकोबांसही मोकळा होता. परंतु त्यांनीं तो धरला नाहीं.

त्यांनीं धरली ती वाट देहूजवळच्या भंडारा व भामचंद्र या डोंगरांची. तेथें दगडांत कोरलेलीं जुनीं लेणीं आहेत. म्हणजे तुकोबांच्या कित्येक शतकें आधीं कोणी साधक याच शांततेच्या शोधांत तेथें येऊन राहिले होते. महीपतीनें ‘भक्तविजय’ (१७६२) व ‘भक्तलीलामृत’ (१७७४) या ग्रंथांत तुकोबांचें चरित्र गाइलें आहे. त्या परंपरेप्रमाणें तुकोबा दिवसा डोंगरावर चिंतन करीत आणि सायंकाळीं देवळांत कीर्तनास येत. द्वितीय पत्नी जिजाई भाकरी घेऊन डोंगर चढे, ही कथा तर घरोघरीं ठाऊक आहे.

याच सुमारास त्यांनीं कुळांकडील कर्जरोखे बाहेर काढले. धाकटे बंधु कान्होबा यांस अर्धे वांटून दिले व आपल्या वांट्याचे इंद्रायणींत सोडले, असें परंपरा सांगते. या गोष्टीचें मर्म मोठें आहे. चित्ताची शांति मोडणारा गलबला टाळमृदंगांचा नव्हता. तो येण्यादेण्याचा, मानापमानाचा होता. डोंगरावर बसूनही तो कानांत घुमत राहिला असता. तो प्रथम नदींत गेला, म्हणूनच डोंगर त्यांस लाभला.

पुढें त्यांनीं विठ्ठलाच्या पडक्या देवळाचा जीर्णोद्धार केला. कीर्तनांत प्रारंभीं ते दुसऱ्याच्या मागें उभे राहून ध्रुपद धरीत, असें त्यांनीं स्वतःच सांगितलें आहे. जो एकांतांत ऐकावयास शिकला, त्यानें समुदायांत आधीं मागें उभें राहावें, हें त्या एकांताचें खरें फळ होय.

पुढें इ. स. १६८५ मध्यें त्यांचे पुत्र नारायणमहाराज यांनीं ज्ञानदेव व तुकोबा यांच्या पादुका पालखींत घालून पंढरीची वाट धरली, असें मानतात. आज त्या वाटेवर लाखों पावलें चालतात आणि ध्वनिवर्धकाचा आवाज टाळांच्याही वर चढतो. त्याला नांवें ठेवून घरीं बसणें सोपें आहे. तुकोबा तसे बसले नाहींत. त्यांनीं डोंगर सोडला नाहीं आणि देऊळही सोडलें नाहीं. दोहोंमधली ती वाट मात्र ज्यानें त्यानें रोज स्वतःच्या पायांनींच तुडवावी लागते.