पाण्यावरची गिरणी आणि बुडालेले तास



गिरणी म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे धुराडे उभे राहते. पण सूतगिरणीचा इतिहास धुराड्याने सुरू होत नाही. तो पाण्याच्या चाकाने सुरू होतो. इंग्लंडात डर्बीशायर परगण्यात क्रॉमफर्ड नावाचे गाव आहे. तेथे १७७१ साली रिचर्ड आर्कराइट या गृहस्थाने भागीदारांच्या भांडवलावर पाण्याने चालणारी सूतगिरणी उभारली. पुढच्या साऱ्या गिरण्यांनी तिचाच कित्ता गिरविला. आज तिच्या यंत्रापेक्षा तिच्या पाण्याविषयी मला अधिक बोलावयाचे आहे. ते पाणी मालकाला कसे मिळाले आणि ते कमी पडले तेव्हा तोटा कोणाच्या माथी बसला, हे पाहण्यासारखे आहे.

आर्कराइट प्रेस्टनचा. जन्म १७३२ सालचा. धंदा न्हाव्याचा आणि केसांचे टोप करून विकण्याचा. १७६९ साली त्याने सूतकताईच्या साच्याचे पेटंट घेतले. युक्ती अशी की, रुळांच्या जोड्या एकापुढे एक बसविलेल्या. पुढची जोडी मागचीपेक्षा जलद फिरते, म्हणून पेळू ओढला जाऊन बारीक होतो, आणि मग चाती त्याला पीळ देते. हे सूत ताण्याला चालण्याइतके मजबूत निघे. ही युक्ती एकट्या आर्कराइटची मात्र नव्हे. जॉन के नावाच्या घड्याळजीचे हात तिला लागले होते. आणि १७८५ साली न्यायालयाने पेटंटच रद्द केले. साचा चालविण्यास कसबी माणूस नको, तुटलेला धागा सांधण्यास पोर पुरे, हा त्यातला मालकाच्या फायद्याचा भाग.

आरंभी नॉटिंगहॅमला आर्कराइटने साचे घोड्यांकरवी चालविले. घोड्याला दाणावैरण लागते. पाण्याला लागत नाही. क्रॉमफर्डला एक ओढा होता आणि त्याच्या जोडीला आणखी एक प्रवाह होता. जवळच्या शिशाच्या खाणींत पाणी साचे. ते काढून देण्यासाठी खाणवाल्यांनी डोंगरातून लांब भुयार खणले होते. भुयारातून येणारे पाणी किंचित उबदार, त्यामुळे कडाक्याच्या थंडीतही ते सहसा गोठत नसे. म्हणजे खाणकामगारांनी घाम गाळून जे पाणी बाहेर काढले, त्यावर गिरणीचे चाक फिरले.

पाणी रात्री झोपत नाही. मग माणसांना तरी का झोपू द्यावे? बारा-बारा तासांच्या दोन पाळ्या सुरू झाल्या. डर्बीचा चित्रकार जोसेफ राइट याने १७८०च्या सुमारास रात्रीच्या वेळच्या या गिरण्यांचे चित्र काढले आहे. त्यात काळोख्या दरीत खिडक्यांच्या रांगा उजळलेल्या दिसतात. चित्र सुंदर आहे. त्या खिडक्यांच्या आत मात्र लहान मुले जागत होती. खेड्यात पुरेशी माणसे नव्हती, म्हणून मोठ्या कुटुंबांना बोलावून घेतले आणि त्यांच्यासाठी तिमजली घरे बांधली. काम मालकाचे आणि घरही मालकाचे. आपल्याकडच्या चाळींत राहिलेल्या मंडळींना याचा अर्थ सांगावयास नको.

परंतु पाणी लहरी. अवर्षण पडले की चाक थांबे, पूर आला तरी थांबे. १८३३ सालच्या इंग्लंडातील कारखाना कायद्याने मुलांच्या तासांना मर्यादा घातली आणि सरकारी निरीक्षक नेमले, ही मोठीच गोष्ट झाली. पण त्याच कायद्यात मालकांना एक सवलत होती: पाण्याअभावी किंवा पाणी फार झाल्यामुळे बुडालेले तास पुढे ठरावीक मर्यादेत जादा काम घेऊन भरून काढावेत. पाऊस पडला नाही, यात पोराचा काय दोष? पण निसर्गाने बुडविलेले तास त्याच्या नावे येणे म्हणून मांडले गेले.

आता क्रॉमफर्डच्या पाण्याचा शेवट ऐका. खाणवाल्यांनी अधिक खोल पातळीवर दुसरे भुयार नेले आणि गिरणीचे पाणी आटू लागले. आर्कराइटचे वंशज न्यायालयात गेले. १८३९ साली निकाल त्यांच्या विरुद्ध लागला. हा प्रवाह खाणीच्या सोयीसाठी माणसाने काढलेला; तो कायम राहावा, असा गिरणीवाल्याचा हक्क नाही. १८४०च्या दशकात तेथली सूतकताई संपली. ज्या पाण्याला मालकाने आपली जिंदगी मानले, ते त्याचे कधीच नव्हते.

आपल्याकडे मुंबईच्या गिरण्या वाफेवर निघाल्या. पण १९१५ साली खोपोलीला पडणारे पाणी विजेच्या रूपाने त्यांच्या साच्यांपर्यंत आलेच. वीज, कोळसा वा कापूस कमी पडला की गिरणी थांबे आणि कामगार घरी बसे. १९५३ साली औद्योगिक विवाद कायद्यात दुरुस्ती होऊन अशा ले-ऑफला निम्म्या पगाराची भरपाई आली. निम्मीच, आणि तीही अटींसह. पण तत्त्व उलटे झाले. १८३३ साली बुडालेल्या वेळेचे देणेकरी कामगार होते. १९५३ साली मालकाच्या खात्यावरही काही रक्कम पडली. मधल्या एकशेवीस वर्षांचा संप, सभा आणि तुरुंगवास यांचा हिशेब या एका फरकात आहे. हा फरक कोणी दयेपोटी दिलेला नाही, आणि नजर ढळली तर तो पुसलाही जाऊ शकतो.

क्रॉमफर्डची गिरणी आणि त्या खोऱ्यातील तिच्या भावंडांना २००१ साली जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. योग्यच झाले. त्या भिंती जपल्या पाहिजेत. मात्र त्या भिंतींशी आर्कराइटचे नाव वाचणाऱ्याने भुयार खणणाऱ्यांची आणि रात्री धागा सांधणाऱ्यांचीही आठवण ठेवावी, एवढीच विनंती.