तांबटाची झाळ आणि थंडीची नळी

उन्हाळा लागला की देवळ्याच्या आसपास वडापिंपळावर एक लहानसा हिरवा पक्षी दिवसभर टुक् टुक् करीत बसतो. कपाळावर तांबडा ठिपका, आणि आवाज असा की कुणी लांबवर हातोडीने भांडे ठोकीत आहे. आपण त्याला तांबट म्हणतो. इंग्रजीतही त्याला तांबटच म्हणतात. पक्षी अजून आहे. ज्याच्यावरून त्याला नाव मिळाले तो कारागीर मात्र आता गावोगाव दिसत नाही. त्या कारागिराच्या विद्येतला एक भाग आज एका अगदी निराळ्या जागी जिवंत आहे. दूध थंड करणाऱ्या यंत्रात, दवाखान्यातल्या लसींच्या पेटीत, द्राक्षांच्या शीतगृहात. तो भाग म्हणजे झाळ. आज तिची हकिकत सांगायची आहे.

घरात आजीच्या वेळचा तांब्याचा हंडा असेल तर तो जरा उजेडात धरून पाहा. त्याच्या पोटावर किंवा बुडाजवळ एक पिवळसर दातेरी रेघ दिसेल. ती नक्षी नव्हे, तो जोड आहे. मोठे भांडे एकाच पत्र्यातून ठोकून काढणे अवघड, म्हणून तांबट दोन-तीन तुकडे करी. एका तुकड्याच्या कडेला दाते कापायचे, एक दाता वर, एक खाली असे उघडायचे, त्यात दुसऱ्या तुकड्याची कड सरकवायची आणि ठोकून बसवायची. मग त्या रेघेवर पितळेचा चुरा आणि टाकणखार पाण्यात कालवून लावायचा आणि भांडे कोळशाच्या भट्टीत धरायचे. भाता चालू झाला की तांबे लाल होते, पण वितळत नाही. कारण तांबे वितळायला १,०८५ अंश सेल्सिअस उष्णता लागते, आणि पितळ ९०० अंशांच्या आसपासच पाणी होते. ते पाणी झालेले पितळ दात्यांच्या फटीत आपोआप शिरते. त्या क्षणी रेघ चमकते. तांबट ती चमक ओळखी आणि भांडे बाहेर काढी. दोन क्षण उशीर झाला तर पत्र्याला भोक पडे. त्याच्याजवळ उष्णतामापक नव्हता. रंग आणि डोळा एवढेच त्याचे माप.

नाशिकची तांब्यापितळेची भांडी फार पूर्वीपासून नावाजलेली. देवळ्याहून भावडबारी ओलांडून नाशिकला जाणारा माणूस लग्नाची भांडी घ्यायला तिथल्या भांडीबाजारात जाई. पुण्यात कसबा पेठेत तांबट आळी आहे. तिथल्या मठारकामाची, म्हणजे हातोडीचे गोल ठसे उमटवून पत्रा घट्ट करण्याच्या कामाची, ख्याती अजून आहे.

आता झाळ आणि डाक यांतला फरक सांगतो, कारण पुढची सारी गोष्ट त्यावर आहे. कथील आणि शिसे यांची डाक दोनशे अंशांच्या आसपासच वितळते. ती लावायला सोपी, पण उष्णतेला आणि दाबाला कच्ची. जोड देणारी धातू ४५० अंशांच्या वर वितळत असेल, पण मूळ धातू वितळत नसेल, तर त्या कामाला आज ब्रेझिंग म्हणतात. आपली झाळ ती हीच. बंबाचे उदाहरण घ्या. मधोमध उभे नळकांडे, त्यात विस्तव, भोवती पाणी. पाणी आहे तोवर जोड सुखरूप. बंब कोरडा पेटवला तर कथलाची डाक पाघळून जाते, झाळ टिकते. वडीलधारी माणसे "आधी पाणी, मग विस्तव" असे बजावीत, त्याचे कारण हे.

ही विद्या किती जुनी? इराकमध्ये ऊर नावाच्या प्राचीन नगराच्या थडग्यांत सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वीचे सोन्याचांदीचे झाळलेले जिन्नस सापडले आहेत. आपल्याकडे प्रवरेच्या काठी दायमाबादला १९७४ साली काशाचा रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा मिळाले. चौघांचे वजन साठ किलोंच्या वर. ते ओतीव काम आहे, भरीव. त्यावरून धातू वितळवण्याची कला या खोऱ्यात किती जुनी हे कळते. पण भरीव हत्ती ओतणे वेगळे आणि पाणी न गळणारे पातळ पत्र्याचे भांडे करणे वेगळे. पत्रा पातळ झाला की जोड आला, आणि जोड आला की झाळ आली.

झाळेचा खरा मित्र टाकणखार. यालाच सवागीही म्हणतात. तांबे तापले की हवेतला प्राणवायू त्याच्यावर काळी पापडी धरतो, आणि पापडीवर पितळ चिकटत नाही. टाकणखार वितळून काचेसारखा पसरतो, पापडी विरघळवतो आणि हवा अडवतो. हा खार पूर्वी तिबेट-लडाखकडच्या प्रदेशातून हिमालयाच्या वाटा ओलांडून खाली येई. तिकडचा खार, इकडचे तांबे आणि कोळसा. एका हंड्यात केवढा मुलूख एकत्र येई पाहा!

आता दुसरा धागा घेऊ, थंडीचा. १८३४ साली अमेरिकेतल्या बॉस्टनहून गोठलेल्या तळ्यांचा बर्फ भुशात बांधून जहाजाने मुंबईला आला. त्याच वर्षी जमशेटजी जीजीभॉय यांच्या मेजवानीत आइस्क्रीम वाढले गेले आणि मग सगळ्यांनाच सर्दी झाली, अशी गोष्ट सांगतात. योगायोग असा की त्याच १८३४ साली लंडनमध्ये जेकब पर्किन्स याने बर्फ करणाऱ्या यंत्राचे पेटंट घेतले. पुढे अशी यंत्रे सुधारली आणि अर्ध्या शतकात जहाजाचा बर्फ बंद पडला.

यंत्राने थंडी कशी होते, हे मुलांना सांगायला माठ पुरे. माठाच्या अंगातून पाझरलेल्या पाण्याची वाफ होते, ती जाताना ऊब घेऊन जाते, आणि आतले पाणी गार होते. शीतयंत्रातही हेच. फरक एवढाच की माठाची वाफ हवेत निघून जाते, आणि आपण रोज पाणी भरतो. यंत्रातला वायू महाग आणि काही वेळा घातक. तो सोडून देता येत नाही. म्हणून त्याला बंद नळीत कोंडायचे. आत तो ऊब घेऊन वायू होतो, कॉम्प्रेसर त्याला दाबतो, बाहेरच्या नळीत तो ऊब सोडून पुन्हा द्रव होतो, आणि फिरून आत येतो. बंबाच्या अगदी उलट. बंबात विस्तवाची ऊब तांब्यातून पाण्यात जाते. इथे दुधाची ऊब तांब्यातून वायूत जाते.

पहिल्या मोठ्या कारखान्यांत अमोनिया वापरीत, आणि आजही मोठ्या शीतगृहांत तो चालतो. पण ओलसर अमोनिया तांबे खातो, म्हणून तिथे लोखंडाच्या नळ्या. १९३० च्या सुमारास अमेरिकेत फ्रिऑन नावाचे वायू निघाले. ते तांब्याला खात नाहीत. त्यानंतर लहान यंत्रांत तांब्याच्या नळीचे राज्य झाले, आणि नळी आली तिथे झाळ आलीच. त्याआधी १९०३ च्या सुमारास फ्रान्समध्ये ऑक्सिजन-ॲसिटिलीनची हातात धरायची ज्योत तयार झाली होती. भट्टी आणि भाता दोन्ही तिने मुठीत आणून दिले. आपल्याकडे १९५४ साली व्होल्टास निघाली, १९५८ साली गोदरेजने शीतकपाटे करायला घेतली, आणि त्याच साली पुण्यात किर्लोस्कर न्युमॅटिक उभी राहिली. अमोनियाचे कॉम्प्रेसर तिने केले. इकडे ॲल्युमिनियम आणि स्टेनलेस स्टील घरात शिरले आणि तांबटाची भट्टी मंदावत गेली. म्हणजे पाहा, एका दाराने झाळ घराबाहेर पडली आणि दुसऱ्या दाराने यंत्राच्या पोटात शिरून आत आली.

तुम्ही म्हणाल, आमच्या गावाला याचे काय? सांगतो. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या लसी २ ते ८ अंशांत राहाव्या लागतात. संकलन केंद्रावरचे दूध ४ अंशांपर्यंत उतरवले नाही तर नासते. द्राक्षे तोडल्यावर काही तासांत थंड केली नाहीत तर परदेशी बाजारापर्यंत टिकत नाहीत. आणि ही थंडी ज्या बारीक नळ्यांत फिरते, त्यांत जागोजाग जोड आहेत. त्यांतला एक जरी गळका राहिला तरी टाकीभर दूध हातचे जाते.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. "गॅस संपलाय, भरून द्या," असे लोक म्हणतात. गॅस हे काही यंत्राचे रॉकेल नव्हे. तो जळत नाही, खर्च होत नाही. कमी झाला याचा अर्थ कुठे तरी गळती आहे. गळती न शोधता पुन्हा भरणे म्हणजे भोकाच्या हंड्यात पाणी ओतणे. त्यात पैसा जातो, आणि जगाचेही नुकसान होते. जुने फ्रिऑन वर जाऊन पृथ्वीभोवतीचा ओझोनचा थर झिजवतात, हे १९७४ साली शास्त्रज्ञांनी दाखवले. १९८७ साली माँट्रियल येथे करार झाला, १९९२ साली भारत त्यात सामील झाला. आणि आर-२२ नावाचा एक किलो वायू सुटला तर तो सुमारे अठराशे किलो कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता हवेत अडवतो. जोड नीट बसवणारा कारागीर पर्जन्यमानाचीही काळजी घेतो, असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

मग जोड नीट बसवायचा कसा? नियम तेच, तांबटाचे. पहिला, स्वच्छता. नळीचे टोक घासून लखलखीत करायचे, कडेचा कीस काढायचा. दुसरा, फट. एक नळी दुसरीत बसते तिथे केसाएवढीच जागा हवी. साधारण मिलिमीटरचा दहावा भाग. फट मोठी झाली तर वितळलेली धातू आत चढत नाही. तिसरा, ऊब. ज्योत कांडीला नाही, नळीला द्यायची. नळी तापली की कांडी तिच्या उबेनेच वितळून फटीत ओढली जाते.

नवे ते एवढेच. तांब्याला तांबे जोडताना फॉस्फरस मिसळलेली तांब्याची कांडी वापरतात. फॉस्फरसच पापडी साफ करतो, टाकणखार लागत नाही. तांब्याला लोखंड जोडायचे तर ती कांडी चालत नाही, जोड ठिसूळ होतो. तिथे चांदीमिश्रित कांडी आणि खार लागतो. झाळताना नळीच्या आतून नायट्रोजनची मंद धार सोडतात, नाही तर आत काळी पापडी धरते आणि तिच्या ढलप्या बारीक तोंडाशी अडकून यंत्र बंद पडते. मग नायट्रोजनच भरून दाब द्यायचा आणि साबणाचे पाणी लावून बुडबुडे पाहायचे.

काही गोष्टी मात्र जिवावरच्या आहेत. दाब देण्यासाठी ऑक्सिजन कधीही भरू नये; आतल्या तेलाशी गाठ पडली की स्फोट होतो. आत वायू असताना नळीला ज्योत लावू नये. काही वायूंपासून ज्योतीत विषारी धूर होतो, आणि नव्या काही यंत्रांतले प्रोपेनसारखे वायू स्वतःच पेट घेतात. कॅडमियम असलेल्या कांडीचा धूर फुप्फुसाला मारक. हे काम दारेखिडक्या उघड्या ठेवूनच करायचे.

१९५० साली सरकारने कारागीर प्रशिक्षणाची योजना काढली, आणि आज औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून शीतयंत्राचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम शिकवला जातो. तिथे जाणाऱ्या खेड्यातल्या मुलाला पुष्कळदा वाटते की ही परक्यांची विद्या, आपल्या घरी ती कुणाला ठाऊक नव्हती. आणि पुस्तकी शाळेत मागे पडलेल्यांसाठीच ती आहे. दोन्ही खोटे. तांबटाची विद्या बापाकडून मुलाकडे गेली, कागदावर उतरली नाही. म्हणून ती पुस्तकात दिसत नाही, एवढेच. तिच्यात रसायन होते, भौतिक होते, आणि क्षणाची पारख होती.

गुरुजी, तुमच्यासाठी एक सोपा प्रयोग आहे. काचेच्या दोन पट्ट्या घ्या. एका कडेला त्या चिकटवून धरा, दुसऱ्या कडेला मध्ये आगकाडी ठेवा, आणि त्या उभ्या रंगीत पाण्यात टेकवा. पाणी चिकटलेल्या कडेला उंच चढेल, आगकाडीच्या कडेला खाली राहील. फट जितकी बारीक, तितकी चढण मोठी. समईच्या वातीत तेल असेच चढते, आणि झाळताना धातूही अशीच चढते. हे दाखवून झाले की कुणाच्या तरी घरचा जुना हंडा वर्गात मागवा आणि त्याच्या पोटावरची दातेरी रेघ मुलांना बोटाने चाचपू द्या. उद्या त्यांतला एखादा मुलगा किंवा मुलगी दुधाच्या टाकीची नळी झाळायला बसेल, तेव्हा हात कुठल्या परंपरेचा आहे हे त्याला माहीत असेल, आणि जोडही जरा जपून बसेल.