गाळातले कामकरी

इतिहास म्हटला की राजे, तह आणि लढाया डोळ्यांपुढे येतात. मला मात्र सांडपाण्याच्या गाळाच्या इतिहासाचे कुतूहल वाटते. कारण त्यात राबणारे नव्वद वर्षे जवळजवळ अनोळखीच राहिले.

मँचेस्टर हे कापडगिरण्यांचे शहर. तेथे डेव्हीह्यूमच्या केंद्रात एडवर्ड आर्डर्न आणि विल्यम लॉकेट बाटल्यांतल्या सांडपाण्यात हवा सोडीत. त्यातल्या अमोनियाचे पुरते नायट्रेट व्हायला प्रथम सुमारे ५ आठवडे लागले. मग त्यांनी वरचे निवळ पाणी ओतून दिले आणि तळचा गाळ राखून त्यावर नवे सांडपाणी घातले. विरजणासारखा तो गाळ पुनःपुन्हा वापरताच तेच काम २४ तासांत उरकू लागले! एप्रिल १९१४ मध्ये त्यांनी हा शोध जाहीर केला, आणि कारखान्यांच्या पाण्यासाठीही जगभर हीच रीत रूढ झाली.

परंतु गाळात कोण कोणते काम करतो? जंतू वेगळे काढून वाढवावेत, तर त्यांतले बहुतेक एकटे वाढतच नाहीत. प्रश्न केवळ हौसेचा नव्हता. फॉस्फेट साठवणारे जंतू मधूनच काम टाकतात. ते फॉस्फेट नदीत गेले की शेवाळ माजते, पाण्यातला प्राणवायू सरतो आणि मासे मरतात.

पुढे जनुके वाचता येऊ लागली. पण घरात पाककृतींची वही आहे, एवढ्यावरून आज चकली झाली असे म्हणता येत नाही. त्यासाठी तळणीचा वासच यावा लागतो. जनुके म्हणजे ती वही. प्रथिने म्हणजे प्रत्यक्ष चाललेला स्वयंपाक.

२००४ मध्ये इंग्लंडातल्याच नॉर्विच येथे पॉल विल्म्स आणि फिलिप बाँड यांनी फॉस्फेट काढणाऱ्या गाळातली प्रथिने एकत्रच बाहेर काढली आणि विद्युतभार व आकार यांनुसार जेलवर ठिपक्यांच्या रूपाने वेगळी केली. ओळख पटली ती मोजक्यांचीच. पण साऱ्या वसाहतीचे चालू काम पाहण्याची वाट सापडली. या विद्येला त्यांनी ‘मेटाप्रोटिऑमिक्स’ असे नाव सुचविले. आज वस्तुमानमापक यंत्रे एका नमुन्यात हजारो प्रथिने ओळखतात.

नुसत्या हजेरीपटावरून गिरणी कळत नाही. कोणता माग चालू आहे आणि कोणता बंद, ते पाहावे लागते. ज्यांच्या कष्टांवर आपल्या नद्या तगून आहेत, त्यांचे काम निदान ओळखावे, एवढे तरी आपण त्यांचे देणे लागतो असे मला वाटते.