वेटसूट

वेटसूट हा पाण्यात शरीराची उष्णता टिकवून ठेवण्यासाठी घालायचा, अंगाला घट्ट बसणारा पोशाख आहे. तो निओप्रीन या कृत्रिम रबराच्या फेसापासून तयार करतात. स्कूबा डायव्हिंग, स्नॉर्केलिंग, सर्फिंग आणि खुल्या पाण्यातील पोहणे यांसाठी त्याचा वापर होतो. इंग्रजीत 'वेट' म्हणजे ओला. या पोशाखात थोडे पाणी शिरते व शरीर ओले राहते. शरीर कोरडे ठेवणाऱ्या ड्रायसूटपेक्षा तो याच बाबतीत वेगळा आहे. वेटसूटची उपयुक्तता त्याच्या जाडीइतकीच त्याच्या मापावर अवलंबून असते. सैल वेटसूट ऊब देत नाही, तर अतिघट्ट वेटसूट श्वसनास अडथळा करतो.

कार्यपद्धती

पाण्याची उष्णतावाहकता हवेच्या सुमारे २५ पट आहे. त्यामुळे हवेत सुखद वाटणाऱ्या तापमानाच्या पाण्यातही शरीर हळूहळू थंड होत जाते. वेटसूटच्या फेसाळ निओप्रीनमध्ये वायूचे असंख्य बंदिस्त बुडबुडे असतात. वायू उष्णतेचा मंदवाहक असल्याने शरीराची उष्णता बाहेर जाण्याचा वेग कमी होतो. आत शिरलेले पाणी ऊब देते, असा समज प्रचलित आहे. प्रत्यक्षात ऊब राखण्याचे काम हे बुडबुडे करतात. आतील पाण्याचा थर पातळ व स्थिर राहिला, तर शरीराने तापवलेले पाणी बाहेर जात नाही, एवढेच त्याचे महत्त्व आहे.

खोल पाण्यात दाब वाढतो. समुद्रात १० मीटर खोलीवर एकूण दाब पृष्ठभागावरील दाबाच्या दुप्पट, तर २० मीटरवर तिप्पट होतो. बॉईलच्या नियमानुसार बुडबुडे आकुंचन पावतात, वेटसूट पातळ होतो आणि त्याची उष्णतारोधकता घटते. त्याच वेळी त्यावरील प्लावक बलही कमी होते. पृष्ठभागाजवळ वेटसूट पाणबुड्याला वर उचलतो, म्हणून कमरेला शिशाची वजने बांधावी लागतात. वेटसूटची जाडी किंवा माप बदलल्यास ही वजने नव्याने ठरवावी लागतात.

इतिहास

निओप्रीनचा शोध अमेरिकेतील ड्यूपाँट कंपनीत १९३० साली लागला. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील भौतिकशास्त्रज्ञ ह्यू ब्रॅडनर यांनी १९५०च्या दशकाच्या प्रारंभी आधुनिक वेटसूटची कल्पना मांडली. पोशाखात पुरेसा वायू बंदिस्त असल्यास शरीर कोरडे ठेवण्याची गरज नाही, हे त्यांच्या ध्यानात आले. त्यांच्यासमोर मुख्यतः अमेरिकी नौदलाच्या पाणबुड्यांची गरज होती. पुढे कॅलिफोर्नियातील जॅक ओनील आणि मेस्ट्रेल बंधू यांनी वेटसूट सर्फिंग करणाऱ्यांपर्यंत व पाणबुड्यांपर्यंत पोहोचवला. सुरुवातीचे वेटसूट अस्तराविना असल्याने ते चढवताना सहज फाटत. निओप्रीनला नायलॉनचे अस्तर लावण्यात आल्यावर ते टिकाऊ झाले.

प्रकार व जाडी

मनगट व घोट्यापर्यंत अंग झाकणारा पूर्ण वेटसूट आणि अर्ध्या बाह्यांचा, गुडघ्याच्या वर संपणारा 'शॉर्टी' हे प्रमुख प्रकार आहेत. थंड पाण्यात त्यांच्या जोडीला टोपी, हातमोजे व निओप्रीनचे बूट वापरतात. जाडी मिलिमीटरमध्ये मोजतात. पाण्याच्या तापमानानुसार ती साधारणपणे पुढीलप्रमाणे निवडली जाते:

* २८ अंश सेल्सिअसहून अधिक: शॉर्टी किंवा १ ते २ मिमी
* २४ ते २८ अंश: ३ मिमी
* १८ ते २४ अंश: ५ मिमी
* १० ते १८ अंश: ७ मिमी, टोपी व हातमोज्यांसह
* त्याहून कमी: बहुधा ड्रायसूट

हे प्रमाण स्थूल आहे. एकाच दिवशी अनेकदा पाण्यात उतरणाऱ्या, सडपातळ किंवा लवकर थंडी वाजणाऱ्या व्यक्तीला अधिक जाडी लागते. लहान मुलांच्या शरीराचे पृष्ठफळ वजनाच्या तुलनेत जास्त असल्याने त्यांची उष्णता लवकर कमी होते.

मापाची निवड

योग्य मापाचा वेटसूट अंगाला सर्वत्र लागून बसतो, पण श्वास वा रक्ताभिसरण अडवत नाही. एकाच क्रमांकाचे माप निरनिराळ्या कंपन्यांत निरनिराळे असते. म्हणून उंची, वजन, छाती, कंबर व नितंब ही मापे घेऊन संबंधित कंपनीच्या तक्त्याशी ताडून पाहिली जातात. स्त्रियांसाठी वेगळ्या बेताचे वेटसूट मिळतात.

सैलपणा प्रामुख्याने काखा, पाठीचा कमरेकडील खोलगट भाग, जांघा आणि गुडघ्यांच्या मागची बाजू येथे दिसून येतो. या ठिकाणी पोकळी राहिल्यास प्रत्येक हालचालीसरशी आतले ऊबदार पाणी बाहेर जाते व थंड पाणी आत येते. मनगट, घोटा व मान येथील कडा नीट बसल्या नाहीत तरीही असेच घडते. मुलांना 'वाढत्या अंगाचा' वेटसूट घेतल्यास त्याचा मूळ उद्देशच साध्य होत नाही.

अतिघट्ट वेटसूटमध्ये छाती पुरेशी फुलत नाही, श्वास उथळ होतो आणि थकवा लवकर येतो. निओप्रीन अधिक ताणले गेल्याने पातळ होते व ऊबही कमी मिळते. गळपट्टी फार आवळल्यास मानेतील रोहिण्यांजवळच्या दाबसंवेदी भागावर दाब येऊन हृदयाचे ठोके मंदावू शकतात आणि चक्कर येऊ शकते. पाण्याखाली ही अवस्था धोकादायक ठरते.

वेटसूट चढवून साखळी पूर्ण लावल्यावर हात डोक्यावर नेणे, खांदे फिरवणे, कमरेत वाकणे, उकिडवे बसणे आणि खोल श्वास घेणे ही चाचणी केली जाते. पाण्याबाहेर नवा वेटसूट थोडा घट्ट वाटणे स्वाभाविक आहे. पाण्यात तो काहीसा मोकळा वाटतो. मात्र कोरड्या अंगाला अगदी आरामशीर वाटणारा वेटसूट पाण्यात बहुधा सैल ठरतो. हातापायांना मुंग्या येणे किंवा श्वास अपुरा पडणे ही माप लहान असल्याची लक्षणे आहेत.

काही व्यक्तींना निओप्रीन निर्मितीत वापरल्या जाणाऱ्या थायोयुरिया वर्गातील संयुगांमुळे त्वचेची ॲलर्जी होते.

महाराष्ट्रातील वापर

महाराष्ट्रात स्कूबा डायव्हिंग मुख्यतः सिंधुदुर्ग जिल्ह्यातील मालवण, तारकर्ली व देवबाग परिसरात चालते. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतालच्या सागरी क्षेत्राचा समावेश असलेले मालवण सागरी अभयारण्य १९८७ साली घोषित झाले. तारकर्ली येथे महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाचे स्कूबा डायव्हिंग प्रशिक्षण केंद्र आहे. पावसाळ्यात खवळलेल्या समुद्रामुळे डायव्हिंग बंद असते.

येथील पाणी उष्ण कटिबंधीय असल्याने पातळ वेटसूट पुरेसा होतो. ऊब राखण्याबरोबरच जेलीफिशचे दंश, खडकांवरील कालवांच्या धारदार कडा आणि ऊन यांपासूनही तो संरक्षण करतो. बहुतेक पर्यटक प्रशिक्षकाच्या सोबतीने प्रथमच पाण्याखाली जातात आणि केंद्राकडे उपलब्ध असलेल्या मापांतूनच वेटसूट घेतात. नवख्या व्यक्तीला छातीवरील दाब आणि मनातील भीती यांतील फरक पाण्याखाली ओळखणे कठीण जाते. म्हणून वरील चाचणी किनाऱ्यावरच करून, न बसणारा वेटसूट नावेत चढण्यापूर्वी बदलून घेणे इष्ट ठरते.

निगा

वापरानंतर वेटसूट गोड्या पाण्याने आतून-बाहेरून धुऊन सावलीत वाळवतात. कडक ऊन व गरम पाणी यांमुळे निओप्रीन कडक होते व त्याला भेगा पडतात. घडी घालून ठेवल्यास कायमच्या चुण्या पडत असल्याने तो रुंद हँगरवर टांगतात. दीर्घ वापराने बुडबुडे दबून वेटसूट पातळ होतो. त्यामुळे वापरलेला वेटसूट घेताना मापाबरोबर त्याची उरलेली जाडीही तपासली जाते.