बालाघाटाचा माळ आणि शेळीचे तोंड

बीड जिल्ह्यातील पाटोदा-आष्टीकडच्या माळावर उभे राहिले म्हणजे खुरट्या बोरी, हिवर, बाभळी आणि त्यांच्यामधून पिवळ्या फुलांचा तरवड दृष्टीस पडतो. बोरीची पालवी हाताच्या उंचीपर्यंत खुडलेली असते. तरवड मात्र जसाच्या तसा. शेळी तरवडाला सहसा तोंड लावीत नाही. एवढे ज्याला ठाऊक, त्याला या माळाचा निम्मा इतिहास उभ्या उभ्या वाचता येतो.

गाय जिभेने गवत ओढून खाते; शेळी ओठांनी निवडून खाते. तिचा वरचा ओठ दुभंगलेला व लवचिक असल्याने काट्यांमधले पान ती अलगद टिपते, आणि उंच फांदीसाठी मागच्या पायांवर उभी राहते. एकाच झुडपाची पालवी पुन्हा पुन्हा खुडली गेली, की मुळांतला साठा आटतो व झुडूप खंगते. मराठवाड्याची उस्मानाबादी शेळी, बहुधा काळ्या रंगाची व पुष्कळदा जुळी करडे देणारी, अशाच कोरड्या रानावर पोसलेली जात होय.

हे कसब दख्खनच्या शेतकऱ्याने केव्हाच ओळखले होते. सुगी आटोपली की तो धनगरांचे कळप शेतात बसवी. मेंढरे धसकटे व तण खात, बरोबरच्या शेळ्या बांधावरची झुडपे मोकळी करीत, आणि रात्रभराच्या लेंड्यांनी जमिनीला खत मिळे. मोबदला धान्याच्या रूपाने दिला जाई. रासायनिक खते आली, विहिरींमुळे दुसरे पीक आले, तसा हा व्यवहार विरळ झाला. मात्र तो मोडला नाही.

शेळीवर खटला भरला तो सरकारने. इंग्रजी मुलुखात 1878 च्या वनकायद्याने राने राखीव झाली. महात्मा फुले यांनी 1883 मध्ये पूर्ण केलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात, डोंगर आणि गायराने जंगलखात्याने गिळल्यामुळे गरिबांच्या शेरडाकरडांना जागाच उरली नाही, अशी जळजळीत तक्रार केली आहे. बीड 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात असल्याने तेथील कायदे वेगळे होते. परंतु शेळी म्हणजे जंगलाची वैरीण, ही समजूत राज्याच्या सीमा कोठे मानते? कचेरीत बसून रानाचे नियम करणे म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणेच. येथे तर ही म्हण शब्दशः खरी ठरली.

तरीही आरोप सर्वस्वी खोटा नव्हता. उघड्या उतारावर बारमाही शेळ्या चरल्या, तर झुडपाबरोबर रोपटेही जाते आणि पावसाबरोबर माती. 1972 च्या दुष्काळाने हे भीषण रीतीने दाखवून दिले. पुढे शेजारच्या अहमदनगर जिल्ह्यातून काम करणारे स्विस येशूसंघीय धर्मगुरू फादर हर्मन बाखर यांच्या पुढाकाराने 1989 मध्ये इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रम उभा राहिला. पाणलोटाच्या गावांत कुऱ्हाडबंदी व चराईबंदी या अटी आल्या. डोंगर बंद झाला की गवत परतते, हे अनेक गावांनी अनुभवले. पण ज्या भूमिहीन बाईची सारी मिळकत म्हणजे दोन शेळ्या, तिने त्या कोठे न्याव्यात? डोंगर एकदम बंद न करता टप्प्याटप्प्याने बंद करणे हा त्यातल्या त्यात न्याय्य मार्ग, असे मला वाटते. दोष शेळीचा नसतो. संख्येचा आणि वेळेचा असतो.

आज कॅलिफोर्नियात वणव्याचे इंधन कमी व्हावे म्हणून शेळ्यांचे कळप भाड्याने आणतात. ते वाचून आपल्याकडेही उत्साह येतो. मात्र आपल्या रानातले खरे उपद्रवी पाहुणे शेळीला दाद देणारे नाहीत. पुण्याजवळ 1955 च्या सुमारास दिसलेले गाजर गवत कडू. जनावर भुकेपोटीच त्याला तोंड लावते. (ते अमेरिकन गव्हाबरोबर आले असे सर्रास सांगतात, पण पी.एल. 480 चा भारताशी करार झाला 1956 मध्ये!) घाणेरी तर विषारी. फड्या निवडुंगाचा दख्खनमधला बंदोबस्त शेळीने नव्हे, तर 1926 मध्ये श्रीलंकेहून आणलेल्या एका इवल्या किड्याने केला.

वेडी बाभूळ हे सर्वांत अवघड प्रकरण. 1877 मध्ये दक्षिणेत कडप्पाकडे मुद्दाम आणलेली ही परदेशी बाभूळ आज मराठवाड्याच्या ओढ्याकाठी, गायरानात माजली आहे. तिचा पाला शेळीला नकोसा, शेंगा मात्र गोड. शेळी शेंगा खाते, काही बिया न पचता लेंडीतून पडतात आणि नव्या जागी रुजतात. झुडपे काढायला सोडलेली शेळी झुडपे पेरून येते!

उपाय आहे. शेंगा गोळा करून भरडून घातल्या की बी मरते आणि उत्तम खुराक मिळतो. पण ते करायला हात हवेत. दिवाळीच्या सुमारास गावेच्या गावे ऊसतोडीला जातात. मागे म्हातारी माणसे आणि शेळ्या राहतात. कारखान्यांचे पट्टे पडून माणसे परततात, तेव्हा उन्हाळा लागलेला असतो, शेंगांचा सडा पडू लागलेला असतो आणि शेळ्या त्याच्या वासावर ओढ्याकडे निघालेल्या असतात.