खारीचा खाऊ

अमेरिकेतल्या शहरी बागांमध्ये हातातून शेंगदाणा घेणारी राखाडी खार पाहिली की मला वाटायचं, ही पहिल्यापासून इथलीच. पण नाही, ती मुळात जंगलातली! १८४७ मध्ये फिलाडेल्फियाच्या फ्रँकलिन स्क्वेअरमध्ये मोजून तीन खारी आणून सोडल्या. राहायला पेट्या, वर रोजचं खाणं. १८७७ मध्ये न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कातही खारी सोडल्या. खारींना खाऊ घातला की मुलं दयाळू होतात, असंही पुढे सांगितलं जाऊ लागलं. हेतू चांगलाच होता हो.

एवढ्यावर थांबलं असतं तर ठीक. पण हीच खार १८७६ पासून इंग्लंडमधल्या श्रीमंतांनी आपल्या बागांत शोभेसाठी सोडली. आज ब्रिटनमध्ये ती लाखोंनी आहे आणि तिथली मूळची तांबडी खार बऱ्याच भागांतून नाहीशी झालीये. राखाडी खारीच्या अंगात देवीसारखा एक विषाणू असतो. तिला सहसा काही होत नाही, तांबडी मात्र मरते. दोघी एकाच भांड्यातलं खायला आल्या की लागण आणखी सोपी! म्हणून साथ आली की लोकांना आधी बागेतली दाण्याची भांडी काढायला सांगतात.

मला खटकतं ते एवढंच: खाऊ घातल्याचं समाधान आपलं, आणि बिल भरणार भलतंच कुणीतरी.