सर्व्हरला तुम्ही आठवता कसे?

तुम्ही एखाद्या साइटवर लॉगिन करता, दहा पानं फिरता, तरी सर्व्हर तुम्हाला ओळखतो. एचटीटीपीत मुळात ही सोयच नव्हती. टिम बर्नर्स-ली यांचा १९९१चा प्रोटोकॉल अगदी साधा: जोडणी करा, पान मागा, पान मिळालं की जोडणी बंद. पुढच्या विनंतीला पाटी कोरी. १९९३मध्ये एनसीएसएत सीजीआय आलं, सर्व्हर पान जागच्या जागी तयार करू लागला. पण तो प्रोग्रामही उत्तर देऊन संपायचा. नुसती कागदपत्रं वाचायची असतील तोवर हा विसरभोळेपणा परवडतो. खरेदीच्या टोपलीचं काय?

हा प्रश्न १९९४मध्ये नेटस्केपच्या लू माँटुली यांच्यापुढे आला. ग्राहक कंपनी एमसीआयला अर्धवट व्यवहार आपल्या सर्व्हरवर साठवायचे नव्हते. माँटुलींनी ते ओझं ब्राउझरवर टाकलं. देवळाबाहेर चपला ठेवल्यावर बिल्ला मिळतो ना, तसंच: सर्व्हर छोटी नोंद देतो, ब्राउझर ती प्रत्येक विनंतीसोबत परत दाखवतो. हीच कुकी. (आयपी पत्त्यावरून का नाही ओळखायचं? एका पत्त्यामागे अख्खं हॉस्टेल असू शकतं!)

गोची पुढेच आहे. पानावरची जाहिरात बऱ्याचदा तिसऱ्याच सर्व्हरवरून येते. तोही बिल्ला देतो आणि त्याची जाहिरात असलेल्या प्रत्येक साइटवर तुम्हाला ओळखतो. अशा कुकीज ब्राउझरने आपणहून स्वीकारू नयेत, असं फेब्रुवारी १९९७च्या आरएफसी २१०९मध्ये लिहिलंय. नेटस्केप आणि मायक्रोसॉफ्ट, दोघांनीही ते मानलं नाही. सफारीने त्या सरसकट अडवल्या २०२०मध्ये. मधे तेवीस वर्षं गेली.